भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी

श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (२४ ऑक्टोबर १८६८ – १३ एप्रिल १९५१) हे औंध संस्थानाचे अखेरचे अधिपती, चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे प्रचारक होते. १९३९ साली त्यांनी आपली राजसत्ता प्रजेच्या हाती सोपवली. त्याच काळात आटपाडीजवळ त्यांनी स्वतंत्रपूर ही कैद्यांची भिंतीविना वसाहत उभी केली. ही वसाहत भारतातील खुल्या कारागृहांच्या आरंभीच्या प्रयोगांपैकी एक मानली जाते.

पूर्वायुष्य

छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात निर्माण झालेले प्रतिनिधिपद पुढे परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात वंशपरंपरेने चालत आले. या घराण्याचे औंध संस्थान सुमारे ५०० चौरस मैलांचे आणि ७२ गावांचे होते. त्याचा प्रदेश सलग नव्हता. औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, आटपाडी व कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात, तर काही गावे विजापूरकडे होती. भवानरावांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतली आणि नंतर वडिलांच्या हाताखाली कारभाराचा अनुभव मिळवला. ब्रिटिश सरकारने त्यांच्या पुतण्यास पदच्युत केल्यावर १९०९ साली ते गादीवर आले.

राज्यकारभार व कलाकार्य

संस्थानाचे उत्पन्न मर्यादित असूनही त्यांनी उद्योग आणि विद्या यांना सढळ आश्रय दिला. कुंडलजवळच्या माळरानावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना कारखान्यासाठी जागा मिळाली व तेथे किर्लोस्करवाडी वसली. वेदाभ्यासक पंडित सातवळेकर यांचे स्वाध्याय मंडळ औंधात नांदले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी पुण्याच्या भांडारकर संस्थेला भवानरावांनी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. १९३५ साली इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९३८ साली स्थापन झालेल्या औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्मा यांच्या चित्रांबरोबर हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची कृतीही पाहावयास मिळते.

औंध प्रयोग

मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे अभियंते गांधीविचाराने भारावून भारतानंद या नावाने वावरत असत. त्यांचा आणि भवानरावांचे पुत्र अप्पासाहेब पंत यांचा औंधच्या राज्यघटनेच्या आखणीत मोठा वाटा होता. घटनेला महात्मा गांधींचे मार्गदर्शन लाभले आणि जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. गावपंचायत हा तिचा पाया होता. त्यावर तालुका आणि त्याहून वर संस्थानाची विधिसभा अशी रचना होती. राजाने स्वखुशीने अधिकार सोडल्याचे उदाहरण त्या काळी विरळाच होते. पुढे १९४२ च्या आंदोलनात सातारच्या प्रतिसरकारातील अनेक भूमिगत कार्यकर्त्यांना संस्थानाच्या गावांत आसरा मिळाला.

स्वतंत्रपूर

गावकऱ्यांवर टाकलेला विश्वास गंभीर गुन्ह्यांच्या कैद्यांवरही टाकता येईल का, हा प्रश्न फ्रीडमन यांच्या सूचनेतून पुढे आला. भवानरावांनी त्याला प्रत्यक्ष जमीन दिली. आटपाडीजवळच्या दुष्काळी माळावर १९३९ साली स्वतंत्रपूर वसले. तेथे उंच तट नव्हता. कैद्याने शेत कसावे, कष्टाचे पीक घ्यावे आणि बायकामुलांसह संसार करावा, अशी योजना होती. पळून जाणे अवघड नव्हते. कैद्याला थोपवून धरणारी गोष्ट म्हणजे घर, जमीन आणि आपल्यावर टाकलेला विश्वास. शिक्षेमुळे निरपराध कुटुंबाची होणारी परवडही या रचनेत टळत असे.

याच सुमारास ब्रिटिश मुंबई प्रांतात गुन्हेगारांच्या परिवीक्षेचा १९३८ चा कायदा झाला होता. परिवीक्षेत न्यायालय दोषी व्यक्तीला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडते आणि आवश्यक वाटल्यास परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवते. स्वतंत्रपुरातील माणसे मात्र शिक्षा भोगणारे कैदीच होती. दोन्ही व्यवस्थांचे कायदेशीर स्वरूप भिन्न असले, तरी भिंतीऐवजी देखरेख आणि कामधंदा यांवर भिस्त ठेवण्याचे तत्त्व समान आहे. दोन्हींची अडचणही एकच आहे. देखरेख करणारा माणूस नेमावा लागतो, त्याला वेतन द्यावे लागते आणि ही तरतूद वर्षानुवर्षे टिकवावी लागते. औंधात राजाची इच्छा हाच या प्रयोगाचा आधार होता. ती इच्छा उरली नाही म्हणजे काय, हा प्रश्न संस्थानाबरोबरच विलीन होण्याजोगा नव्हता.

विलीनीकरण व अखेर

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याची पंचायतरचना संपुष्टात आली. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. स्वतंत्रपूर मात्र मोडले नाही. शासनाने वसाहत आपल्या कारागृह खात्याकडे घेतली आणि राजाच्या इच्छेवर चाललेला प्रयोग सरकारी खर्चाने चालणारी संस्था बनला. १३ एप्रिल १९५१ रोजी भवानरावांचे निधन झाले.

वारसा

स्वतंत्रपुराच्या प्रयोगावरून स्फुरलेला व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट १९५७ साली प्रदर्शित झाला. त्याचे कथालेखक ग. दि. माडगूळकर हे आटपाडी परिसरातीलच होते. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले व १९५८ च्या बर्लिन महोत्सवातही त्याचा गौरव झाला. त्याच वर्षी संसदेने परिवीक्षेचा देशव्यापी कायदा केला. त्यात परिवीक्षा अधिकाऱ्याने न्यायालयाला अहवाल देणे, सुटलेल्या व्यक्तीवर लक्ष ठेवणे आणि तिला काम मिळवून देण्यास झटणे ही कर्तव्ये नमूद आहेत. अधिकारी नेमण्याचे काम प्रामुख्याने राज्य सरकारांकडे आहे. त्यामुळे या सेवेचे बळ बरेचसे राज्यांच्या तरतुदीवर अवलंबून राहते. महाराष्ट्रात पुढे येरवडा, पैठण आदी ठिकाणी खुली कारागृहे उभी राहिली.

भवानरावांचे नाव आज अधिक करून सूर्यनमस्कार आणि औंधचे संग्रहालय यांमुळे घेतले जाते. त्यांच्या राज्यघटनेची रचना जेमतेम नऊ वर्षे टिकली. तिच्याबरोबर जन्मलेली आटपाडीची लहानशी वसाहत मात्र संस्थान, राजा आणि ती घटना यांच्या पश्चात राज्याच्या कारागृह व्यवस्थेचा भाग होऊन राहिली.