मारियसचे बिनजमिनीचे शिपाई

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. इतिहासाशी संबंध शाळेपुरताच. पण 2004 साली निघालेला ‘रोम : टोटल वॉर’ हा संगणकावरील युद्धखेळ खेळताना कुतूहल वाटले. त्यात ‘मारियसच्या सुधारणा’ झाल्या, की जुने हस्ताती, प्रिंकिपेस भरती करता येत नाहीत. त्यांच्या जागी लीजनरी तुकड्या मिळतात. हा मारियस कोण?

गायस मारियसचा जन्म इ. स. पूर्व 157 च्या सुमारास आर्पिनमजवळ झाला. घराणे रोमच्या सरदारांपैकी नव्हे. तरी तो सात वेळा कॉन्सल झाला. सैन्यात जाण्यास तेव्हा मालमत्ता लागे. ही अट आधीच सैल होत आली होती, इ. स. पूर्व 107 मध्ये जुगुर्थाविरुद्धच्या युद्धासाठी त्याने निर्धन स्वयंसेवकही घेतले. पुढे 102 व 101 मध्ये त्याने ट्यूटन व किंब्री टोळ्यांचा पाडाव केला. खेळात एका फटक्यात होणारा बदल प्रत्यक्षात मात्र हळूहळू झाला, असे आजचे अनेक इतिहासकार मानतात.

खेळात न दिसणारी बाजू मला महत्त्वाची वाटते. निर्धन शिपायाला सेवेनंतर जमीन हवी होती. राज्याने तशी कायमची सोय केली नाही. शिपाई सेनापतीकडे पाहू लागला. 88 मध्ये सुल्लाने आपली फौज रोमवरच नेली आणि मारियसला पळावे लागले. पुढच्या वर्षी तो परतला, सूडाने रक्तपात झाला, आणि 86 च्या जानेवारीत, सातव्या कॉन्सलपदाच्या आरंभीच तो वारला.

आमच्या खतावणीचा नियम इथेही खरा ठरला : देणे ज्याने पत्करले, निष्ठा त्याच्याच खाती जमा झाली.