कोड लिहिण्याआधी पाचोलीसरांची वही उघडा

बीसीएस, बीसीए किंवा इंजिनीअरिंगला असाल तर तुम्हीही कधीतरी म्हणाला असाल, डेबिट-क्रेडिट हे कॉमर्सवाल्यांचं, आपला काय संबंध? मग प्रोजेक्टला वॉलेट अ‍ॅप मिळतं. स्क्रीन झकास होते, लॉगिन चालतं, पण हिशोब काही केल्या जुळत नाही. एकाच्या खात्यातून ६० रुपये गेले, कँटीनच्या खात्यात आलेच नाहीत. गेले कुठे? अशा वेळी ज्यांच्याकडे शिकवणी लावावी असे एक सर आहेत. त्यांना जाऊन पाचशे वर्षं झालीत, एवढाच काय तो प्रॉब्लेम. नाव, लुका पाचोली.

साधारण १४४७ मध्ये इटलीतल्या सानसेपोल्क्रो या छोट्या गावात त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते व्हेनिसला आले. तेव्हाचं व्हेनिस म्हणजे जहाजं, मसाले, रेशीम आणि उलाढाल! तिथे रोम्पियासी नावाच्या व्यापाऱ्याच्या तीन मुलांना शिकवायचं काम त्यांना मिळालं. मुलांना शिकवता शिकवता धंदा कसा चालतो, हे त्यांनी जवळून पाहिलं. १४७० मध्ये त्या मुलांसाठी गणिताचं पुस्तकही लिहिलं. पुढे ते फ्रान्सिस्कन पंथाचे साधू झाले, पण शिकवणं सुटलं नाही. पेरुजियासारख्या शहरांत ते गणित शिकवत राहिले.

१४९४ मध्ये व्हेनिसला त्यांचा ‘सुम्मा’ हा ग्रंथ छापून आला. सुमारे सहाशे पानांचा ठोकळाच! पण त्यांनी तो विद्वानांच्या लॅटिनमध्ये लिहिला नाही, लोकांच्या इटालियनमध्ये लिहिला. त्यातली ३६ प्रकरणं फक्त हिशोब लिहिण्यावर आहेत. दुहेरी नोंदीची ही पद्धत पाचोलींनी शोधलेली नाही. इटलीचे व्यापारी ती आधीपासून वापरत होते. सरांनी ती नीट मांडली आणि छापली, म्हणून जग आज त्यांना अकाउंटिंगचे जनक म्हणतं.

आता तुमच्या कामाचं. सरांनी तीन वह्या सांगितल्या. पहिली कच्ची वही, तिच्यात जे घडेल ते लगेच टिपायचं. दुसरी रोजकीर्द, तिच्यात तेच तारखेनुसार, नावे आणि जमा अशा दोन बाजू ठरवून लिहायचं. तिसरी खतावणी, तिच्यात खात्यानुसार मांडायचं. आपल्याकडचे जुने लोक ‘कीर्द-खतावणी’ म्हणायचे, तेच हे. डेव्हलपरच्या भाषेत, आधी लॉग, मग ट्रान्झॅक्शन, मग खात्याचा बॅलन्स.

तुमच्या अ‍ॅपमध्ये बसवून बघा. मिसळीचे ६० रुपये दिले की तुमच्या खात्यात ६० नावे आणि कँटीनच्या खात्यात ६० जमा. दोन्ही नोंदी एकत्र होतील, नाहीतर एकही होणार नाही. सर्व्हर मध्येच बंद पडला तरी पैसे हवेत राहायला नकोत. नोंद चुकीच्या ठिकाणी पडली, तर? खोडायची नाही. उलटी नोंद करून ती फिरवायची. म्हणजे डेटाबेसमधली ओळ डिलीट करायची नाही, नवी ओळ घालायची. शेवटी तेरीज, सगळ्या नावे रकमांची बेरीज आणि सगळ्या जमा रकमांची बेरीज सारखी यायला हवी. नाही आली, तर कुठेतरी बग आहे. आली तरी लगेच पार्टी नको, कारण बरोबर रक्कम चुकीच्या माणसाच्या खात्यात टाकली तरी तेरीज जुळतेच.

‘सुम्मा’मुळे सरांचं नाव झालं. मिलानच्या दरबारातून बोलावणं आलं. तिथे त्यांची गाठ पडली लिओनार्दो दा विंचीशी! सरांनी त्याला गणित शिकवलं आणि त्याने सरांच्या पुस्तकासाठी घनाकृतींची भारी चित्रं काढली. १४९९ मध्ये फ्रेंच फौजा मिलानमध्ये घुसल्यावर दोघंही शहर सोडून फ्लोरेन्सला गेले. ते पुस्तक १५०९ मध्ये छापलं गेलं.

पण त्याच पुस्तकात एक डागही आहे. त्याचा शेवटचा भाग म्हणजे त्यांच्याच गावच्या पिएरो देल्ला फ्रान्चेस्का या चित्रकाराच्या लॅटिन लेखनाचं भाषांतर, आणि पिएरोचं नाव तिथे नाही. जगाला जमा-नावे शिकवणाऱ्या माणसाने ही एक रक्कम योग्य खात्यात जमाच केली नाही. दुसऱ्याचा कोड उचलून आपला म्हणून सबमिट करताना हे आठवायला हरकत नाही.

१५१७ मध्ये सानसेपोल्क्रोलाच त्यांचं निधन झालं. त्यांच्या वहीचे नियम मात्र आजही बँकांपासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालतात. उद्या तुमच्या अ‍ॅपमध्ये कुणाचा तरी पगार असेल, कुणाची तरी फी असेल. म्हणून आज प्रोजेक्ट उघडा आणि एकच गोष्ट तपासा. नावे आणि जमा, दोन्हींची बेरीज सारखी येते का?