सरखेल कान्होजी आंग्रे : दर्या आणि घर

पेणची भोगावती उत्तरेकडे धरमतरच्या खाडीला मिळते आणि रोह्याची कुंडलिका दक्षिणेकडे रेवदंड्याजवळ समुद्राला. या दोन मुखांमधला किनारा म्हणजे अलिबाग, सरखेल कान्होजी आंग्रे यांचा कुलाबा. माझी शाळा पेणची आणि आजोळ रोह्याचे, त्यामुळे तो किनारा दोन्ही अंगांनी पाहतच मी मोठी झाले. शाळेत कान्होजी भेटले ते लढवय्ये म्हणून. चाळिशीनंतर त्यांचे चरित्र पुन्हा वाचले, तेव्हा त्यात धोका मोजून मापून पाऊल टाकणारा माणूस दिसला. आणि त्यांच्या हिशेबातून निसटलेला एक धोकाही दिसला. आपल्या वर्गातले कितीतरी जण बोटीवर किंवा परदेशात आहेत, म्हणून स्मरणिकेसाठी हाच विषय घेतला.

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमारासचा. घराणे मूळचे संकपाळ. पुण्याजवळच्या आंगरवाडीवरून आंग्रे झाले. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. म्हणजे घरातला कर्ता पुरुष समुद्रावर आणि बाकीचे किनाऱ्यावर, हे कान्होजींनी लहानपणापासून पाहिले होते. तरुणपणी ते सुवर्णदुर्गावर होते. सिद्दीच्या आक्रमणात किल्लेदार फितुरीच्या वाटेला लागला, तेव्हा कान्होजींनी पुढे होऊन किल्ला राखला. राजाराम महाराजांच्या काळात त्यांचे नाव झाले. १६९८ मध्ये सिधोजी गुजर वारल्यावर मराठी आरमाराची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि कुलाबा हे त्यांचे मुख्य ठाणे झाले.

पुढची तीस वर्षे ते एकाच वेळी इंग्रज, पोर्तुगीज आणि जंजिऱ्याचा सिद्दी यांच्यासमोर उभे राहिले. हे कसे जमले? त्यांच्याकडे इंग्रजांसारखी महासागर ओलांडणारी मोठी जहाजे नव्हती. म्हणून मोठ्या जहाजांच्या सोयीची लढाई त्यांनी टाळली. त्यांच्या गुराबांचे तळ उथळ, डोलकाठ्या दोन किंवा तीन, तोफा नाळेवर. गलबते त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. भूगोलाच्या तासाला बाईंनी आपल्याकडून खारे वारे आणि मतलई वारे पाठ करून घेतले होते, आठवते ना? वारा असला तर ही हलकी जहाजे वेगाने निघत. वारा पडला की शिडांवरचे मोठे जहाज जागीच अडके, तेव्हा गलबते वल्ही मारत गुराबांना ओढून नेत. मोठ्या जहाजाच्या तोफा मुख्यतः दोन्ही कुशींना असतात, म्हणून आंग्र्यांची जहाजे त्याच्या मागच्या बाजूला जमत. आधी दुरून मारा करून डोलकाठ्या पाडायच्या, मग गलबतांनी भिडायचे. जमले नाही, तर मोठे जहाज शिरू शकणार नाही अशा खाडीत माघार घ्यायची. पावसाळ्यात गलबते किनाऱ्यावर ओढलेली. हे भित्रेपण नव्हते. माणसे आणि जहाजे परत आणायची आहेत, हे धरून केलेला तो हिशेब होता.

त्या हिशेबाची दुसरी बाजूही लिहायला हवी. १७१२ मध्ये आंग्र्यांच्या जहाजांनी इंग्रजांचे एक जहाज पकडले. त्यावर कारवारच्या वखारीचा मुख्य अधिकारी चाऊन होता. तो लढाईत मारला गेला. त्याची तरुण पत्नी कॅथरीन गरोदर होती. ती कैद झाली आणि पुढे खंडणी घेऊन तिला सोडण्यात आले. समुद्रावरच्या धोक्याची किंमत घरच्या माणसांना कशी मोजावी लागते, ते या एका प्रसंगात दिसते. आपल्या बाजूच्या खलाशांच्या आणि तांडेलांच्या घरी असेच किती वेळा घडले असेल, त्यांची नावे मात्र इतिहासात आली नाहीत.

जमिनीवरचा धोकाही कान्होजींनी ओळखला होता. ताराबाई आणि शाहू महाराज यांच्या वादात ते आधी ताराबाईंच्या बाजूला होते. शाहू महाराजांनी त्यांच्यावर पाठवलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांनी कैद केले. तरीही १७१३-१४ मध्ये बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला आले, तेव्हा त्यांनी तडजोड केली. सरखेली आणि किल्ले राखले आणि शाहू महाराजांची बाजू स्वीकारली. या तडजोडीचे फळ काही वर्षांनी मिळाले. १७१८ मध्ये इंग्रजांचा खांदेरीवरचा हल्ला फसला. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तेव्हा बाजीराव पेशव्यांची फौज मदतीला आली. ती मोहीमही फसली आणि पोर्तुगिजांनी तह केला. समुद्रावरचा माणूस सुरक्षित राहायचा असेल तर जमिनीवर कोणीतरी पाठीशी लागते, हे कान्होजींनी वेळेवर जाणले होते.

४ जुलै १७२९ रोजी ते वारले. त्यांची समाधी अलिबागेत आहे. तोपर्यंत त्यांचे आरमार अजिंक्य होते.

मागे सहा मुलगे होते : सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, येसाजी आणि धोंडजी. सर्वांनी मानावी अशी व्यवस्था मात्र मागे उरली नाही, हे पुढच्या घटनाच सांगतात. सेखोजी सरखेल झाले, पण १७३३ मध्ये तेही वारले आणि भावांत वैर पेटले. मानाजींनी पोर्तुगिजांची मदत घेऊन कुलाबा मिळवला आणि येसाजींचे डोळे काढले. बापाच्या शत्रूला घरात आणून भावाला आंधळे केले. १७३५ मध्ये बाजीरावांनी वाटणी करून दिली : कुलाबा मानाजींना, सरखेली आणि दक्षिणेकडचा भाग संभाजींना. एका आरमाराची दोन आरमारे झाली. १७४० मध्ये संभाजींनी कुलाब्यावर स्वारी केली, तेव्हा मानाजींनी पेशव्यांबरोबर इंग्रजांचीही मदत मागितली.

संभाजींनंतर दक्षिणेकडे तुळाजी आले. शूर, पण पेशव्यांशी त्यांचे पटले नाही. नानासाहेब पेशव्यांनी त्यांच्याविरुद्ध इंग्रजांशी करार केला. एप्रिल १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. जो किल्ला राखून कान्होजी मोठे झाले, तोच. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला आणि बंदरात उभे असलेले आरमार जळून गेले. तुळाजींचे उरलेले आयुष्य कैदेत गेले. कान्होजींच्या मृत्यूला सत्तावीस वर्षेही झाली नव्हती. जे आरमार तीस वर्षे तीन शत्रूंना बुडवता आले नाही, त्याच्या नाशाची सुरुवात घरातून झाली.

आज मुंबईत नौदलाचा तळ आयएनएस आंग्रे या नावाने आहे आणि खांदेरीला कान्होजींचे नाव आहे. हा मान त्यांचाच आहे. पण त्यांच्या आयुष्यातून मी आपल्या वर्गासाठी वेगळीच गोष्ट उचलते. घरी जबाबदाऱ्या असताना समुद्रावर जावे की नाही, असा प्रश्न आपण विचारतो आणि तराजूच्या एका पारड्यात फक्त वादळ टाकतो. वादळाचा अभ्यास करता येतो. वारा, भरती, हंगाम आणि जहाज ओळखून तो धोका पुष्कळ कमी करता येतो. कान्होजींनी तो केला. मागे राहणाऱ्यांत कोणी काय पाहायचे, निर्णय कोणाचा, वाटणी कशी, हे आपण असताना सर्वांसमोर बोलणे त्याहून अवघड. सॉफ्टवेअरच्या कामात आम्ही असे धरून चालतो की जी गोष्ट एकाच माणसाला माहीत आहे, ती त्याच्या रजेच्या दिवशी कोणालाच माहीत नसते. घरालाही हेच लागू पडते.

म्हणून माझ्या मते जायचे असेल त्याने जावे. पण निघण्यापूर्वी पेण-रोह्याच्या घरी एक संध्याकाळ काढावी. कागद कुठे आहेत, कर्ज किती आहे, आईच्या दवाखान्याचे कोण पाहील, भावंडांत काय ठरले आहे, ते सगळ्यांच्या देखत सांगावे आणि लिहून ठेवावे. या स्मरणिकेच्या शेवटी आपल्या पत्त्यांची यादी आहे. जे बोटीवर आहेत, त्यांच्या नावापुढेही पत्ता घरचाच आहे.