प्राण्यांच्या तोंडून बोलणारा चिटणीस : इब्न अल-मुकफ्फा

पिंगलक सिंह, संजीवक बैल आणि त्या दोघांत वितुष्ट पाडणारा दमनक कोल्हा यांची कथा मराठी घरांतून लहानपणीच कानांवर पडते. हीच कथा अरबीत नेऊन तिची युरोपपर्यंतची वाट मोकळी करणारा लेखक मात्र आपल्याकडे फारसा परिचित नाही. अरबी गद्याच्या आद्य शिल्पकारांत त्याची गणना होते.

इराणच्या फार्स प्रांतातील गोर, म्हणजे आजचे फिरुझाबाद, येथे इ. स. ७२० च्या सुमारास त्याचा जन्म झाला. घरचे नाव रोजबेह. वडील करवसुलीचे अधिकारी होते. अफरातफरीच्या आरोपावरून त्यांचा छळ झाला आणि त्यात त्यांचा हात कायमचा आखडला. मुकफ्फा म्हणजे आखडलेल्या हाताचा. सत्तेने बापाच्या देहावर उमटविलेली ही खूण मुलाने आयुष्यभर नावात वागविली.

उमय्यांच्या राजवटीत तो अधिकाऱ्यांचा चिटणीस झाला. इ. स. ७५० मध्ये ती राजवट कोसळली, तेव्हा बसरा येथे अब्बासी खलिफांच्या चुलत्यांकडे त्याने तेच काम धरले आणि इस्लामचा स्वीकार करून अब्दुल्ला हे नाव घेतले. खलिफाला उद्देशून लिहिलेल्या एका निबंधात त्याने सैन्य, करपद्धती आणि न्यायनिवाड्यांतील विसंगती यांविषयी उघड सल्ला दिला. न्यायाधीशांचे परस्परविरोधी निवाडे तपासून खलिफाने सर्वांसाठी एकच संहिता ठरवावी, ही त्याची सूचना त्या काळी धाडसाचीच म्हटली पाहिजे.

मात्र त्याची कीर्ती टिकली ती कलीला व दिम्ना या ग्रंथामुळे. ही नावे म्हणजे आपलेच करटक आणि दमनक. सहाव्या शतकात सम्राट खुस्रो अनुशिरवान याच्या दरबारातील वैद्य बुर्झोय याने हा कथासंग्रह भारतातून नेऊन पहलवीत आणला होता. तो इब्न अल-मुकफ्फाने अरबीत उतरविला. गोष्टी प्राण्यांच्याच का, याचा खुलासा त्याने प्रस्तावनेत केला आहे. पशूंच्या संवादांनी उथळ तरुण ओढले जातात. त्यांच्या चित्रांनी राजे रमतात. त्यामुळे पोथीच्या नकला होत राहतात आणि ती नष्ट होत नाही. खरा अर्थ विचारवंतासाठी राखलेला असतो. यात न सांगितलेले कारणही उघड आहे. राजाचे कान हलके असतात, हे दरबारात चिटणीसाने कसे म्हणावे? सिंहाविषयी मात्र ते खुशाल म्हणता येते.

पंचतंत्रात बैलाचा बळी घेऊनही दमनक मंत्रिपदावर सुखाने राहतो. अरबी ग्रंथात त्यापुढे एक नवे प्रकरण येते. दिम्नावर खटला चालतो, साक्षी होतात, चित्ता ऐकलेले कारस्थान सांगतो आणि दिम्नाला देहदंड होतो. ही भर इब्न अल-मुकफ्फाचीच असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

त्याच्या स्वतःच्या वाट्याला असा रीतसर खटला आला नाही. खलिफा मन्सूरचा चुलता अब्दुल्ला इब्न अली याने बंड केले व ते फसले. त्याला द्यावयाच्या अभयपत्राचा मसुदा इब्न अल-मुकफ्फाने केला आणि त्यातील अटी इतक्या जखडून टाकल्या की वचन मोडल्यास प्रजा खलिफाच्या निष्ठेतून मुक्त व्हावी. मन्सूर संतापला. बसऱ्याचा सुभेदार सुफियान याचाही त्याच्यावर जुना राग होता. सुभेदाराचे नाक मोठे. त्याला आणि त्याच्या नाकाला असा दुहेरी सलाम इब्न अल-मुकफ्फा करीत असे, अशी आठवण जुन्या लेखकांनी नोंदविली आहे. इ. स. ७५६ ते ७५९ च्या दरम्यान त्याच सुभेदाराने त्याला ठार केले. अवयव तोडून भट्टीत टाकले, असे परंपरा सांगते. वय चाळिशीच्या आतच होते.

बुर्झोयची पहलवी प्रत पुढे हरवली. अरबी ग्रंथावरून अकराव्या शतकात ग्रीक, बाराव्यात फारसी आणि १२५१ मध्ये कास्तिली भाषांतर झाले. हिब्रूतून तो लॅटिनमध्येही गेला. फ्रेंच कवी ला फोंतेन याने १६७८ मध्ये आपल्या नव्या प्राणिकथांचे बरेचसे ऋण बिदपाई नावाच्या भारतीय ऋषीचे असल्याचे मान्य केले.