मुंबईतील सहकारी गृहनिर्माणाचे प्रवर्तक रावबहादूर तालमकी

सोसायटीच्या वार्षिक सभेत देखभाल खर्चावरून झडणारे वाद मुंबईकरांना नवे नाहीत. मात्र असा वाद घालण्याचा हक्क भाडेकरूला ज्या व्यवस्थेने दिला, तिचा या शहरात पाया घालणारे रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी आज विस्मृतीत गेले आहेत.

१८५९ मध्ये जन्मलेले तालमकी कायद्याचे पदवीधर होते. आपले मार्गदर्शक शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या स्मरणार्थ त्यांनी २७ डिसेंबर १९०६ रोजी सहकारी पतसंस्था काढली. तीच पुढे शामराव विठ्ठल बँक झाली. १९११ मध्ये कानडा सारस्वत असोसिएशनची स्थापना झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने.

नोकरीनिमित्त उत्तर कानड्यातून मुंबईत येणाऱ्या ज्ञातिबांधवांची खरी अडचण घराची होती. १८९६ च्या प्लेगने दाट वस्तीतील चाळींचे भीषण रूप उघडे केले होते. पण १९०४ चा सहकार कायदा केवळ पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर संस्थांना वाट मोकळी केली आणि २८ मार्च १९१५ रोजी गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. ती आशियातील पहिली, असे अनेकदा सांगितले जाते. बंगळुरात गृहबांधणीची सहकारी संस्था १९०९ मध्येच निघाली होती, हे लक्षात घेता मुंबईतील आद्य संस्था म्हणणे अधिक योग्य. तेवढा मानही थोडा नाही.

संस्थेसाठी स्वीकारलेली पद्धत इंग्लंडमधील भाडेकरू-भागीदारीची होती. जमीन आणि इमारती संस्थेच्या. सभासद भाग घेऊन संस्थेचा मालक होतो आणि त्याच वेळी तिचा भाडेकरूही असतो. भाड्यातून कर्जाचे व्याज, कर, दुरुस्ती आणि निधीची तरतूद व्हायची. खोली विकून नफा कमावण्यास वाव नाही, तसेच घरमालकाने मनमानी भाडेवाढ करण्याचे भयही नाही. कारभार निवडलेल्या व्यवस्थापक मंडळाकडे, तोही पोटनियमांच्या चौकटीत. या पद्धतीची खरी कसोटी थकबाकीच्या वेळी लागते. शेजारी, कदाचित नातलगच थकबाकीदार निघाला तर तगादा लावायचा कोणी? तो परक्या घरमालकावर ढकलता येत नाही.

सभासदत्व एका ज्ञातीपुरते ठेवण्याने परस्पर विश्वास सोपा झाला, पण इतरांना दार बंद राहिले, ही मर्यादाही नोंदवायला हवी. अशा निर्बंधाचा प्रश्न पुढे अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००५ मध्ये न्यायालयाने संस्थेचा पोटनियम वैध ठरवला.

सत्तरी ओलांडल्यावर, १९३१ मध्ये, तालमकींनी भारतातील व परदेशांतील सहकारावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले. ताडदेवला सारस्वतांची सहकारी वसाहत त्यांच्याच नावाने, तालमकीवाडी म्हणून ओळखली जाते.