दुधाचे परीक्षक डॉ. बॅबकॉक

अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थान चीजकरितां प्रसिद्ध आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील कारखानदार एका संकटानें जेरीस आले होते. अनेक शेतकऱ्यांचें दूध एकाच हौदांत ओतलें जाई. त्यांत एकाचेंही दूध दूषित असलें, तर सर्वच चीज फुगत असे व त्यास दुर्गंधि येई. दोष कोणाच्या दुधाचा, हें मात्र कळत नसे. हें कोडें ज्यांनीं सोडविलें, त्यांपैकीं डॉ. स्टीफन बॅबकॉक हे एक होत.

त्यांचा जन्म सन १८४३ मध्यें न्यूयॉर्क संस्थानांत एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. सन १८७९ मध्यें जर्मनींतील गटिंगेन विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी त्यांनीं मिळविली व पुढें ते विस्कॉन्सिन विद्यापीठांत अध्यापक झाले. दुधांत पाणी घालणाऱ्यासही प्रामाणिक शेतकऱ्याइतकाच दर मिळावा, हा अन्याय त्यांस सहन होईना. सन १८९० मध्यें त्यांनीं गंधकाम्लाच्या साह्यानें दुधांतील स्निग्धांश मोजण्याची सोपी रीत शोधून काढली. परंतु तिचा एकाधिकार न घेतां ती जगास विनामूल्य दिली.

सन १८९५ मध्यें सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ रसेल व दुग्धव्यवसायाचे शिक्षक डेकर यांच्या सहकार्यानें त्यांनीं चक्क्याची परीक्षा सिद्ध केली. प्रत्येक शेतकऱ्याचें दूध निराळ्या निर्जंतुक बरणींत घ्यावयाचें, कोमट करून रेनेटनें विरजावयाचें, निवळी काढून टाकावयाची आणि उरलेला चक्का कांहीं तास उबेंत ठेवावयाचा. त्या उबेंत वायु उत्पन्न करणारे जंतु झपाट्यानें वाढतात. नंतर सुरीनें कापून पाहिलें असतां चांगल्या दुधाचा चक्का घट्ट व गुळगुळीत आढळे. दूषित दुधाचा मात्र असंख्य बारीक छिद्रांनीं भरलेला व घाण वासाचा निघे. एका बरणींतील जंतु दुसरींत जाऊं नयेत म्हणून सुरी दर वेळीं धुवावी लागे. सूक्ष्मदर्शकाचें कांहींच कारण नव्हतें. दोषी दूध सांपडलें, म्हणजे त्या गोठ्यांतील शेणमाती व अस्वच्छ भांडीं यांचा बंदोबस्त करतां येई.

सन १९३१ मध्यें मॅडिसन येथें डॉ. बॅबकॉक निवर्तले. धनाची वाट मोकळी असतांही त्यांनीं लोकहिताची वाट धरली. विद्यार्थिमित्रांनो, विद्या सामान्य माणसाच्या हातीं देणें हीच तिची सार्थकता, हें त्यांचें चरित्र आपणांस शिकवितें.