ताराबाई मोडक आणि घरातले चित्रपुस्तक

शाळा सुरू होण्याच्या सुमारास पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानांपुढे जी गर्दी उसळते, ती मुख्यतः पाठ्यपुस्तकांसाठी आणि वह्यांसाठी असते. तीन-चार वर्षांच्या मुलाकरिता चित्रांचे पुस्तक मागणारा पालक त्या गर्दीत अगदीच दिसत नाही असे नाही. परंतु त्यातून मूल काय शिकेल, अक्षरे त्यात आहेत काय, इंग्रजी शब्द दिले आहेत काय, असे प्रश्न तो आधी विचारतो. चित्रपुस्तक म्हणजे पाठ्यपुस्तकाची धाकटी आवृत्ती, ही समजूत सुशिक्षित घरांतही खोलवर रुजलेली आहे. लहान मुलाच्या शिक्षणाचा हा जो उलटा क्रम आपण लावून ठेवला आहे, तो सुलटा करण्यासाठी महाराष्ट्रातील एका स्त्रीने आपल्या आयुष्याची पन्नास वर्षे वेचली. ताराबाई मोडक यांचे नाव शिक्षणशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत अजून येते. घरात मात्र त्यांचे म्हणणे अद्याप पुरते पोहोचलेले नाही.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईतला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाच्या कार्यकर्त्यांपैकी एक. मुलींना शिकविणे हा ज्या मोजक्या घरांत वादाचा विषय उरला नव्हता, त्यांपैकी हे घर होते. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर अमरावतीस त्यांचा संसार सुरू झाला; पण तो टिकला नाही. १९२१ च्या सुमारास पतीपासून विभक्त होऊन आणि लहान मुलीला बरोबर घेऊन त्या राजकोटला गेल्या व तेथील बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. त्या काळात एका हिंदी स्त्रीला असे पद मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हती. मान होता, वेतन होते, स्थैर्य होते. तरीही १९२३ मध्ये त्यांनी ते पद सोडले आणि भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करण्याचे ठरविले.

गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या विवंचनेतून ते माँटेसरींच्या ग्रंथांकडे वळले होते आणि १९२० मध्ये त्यांनी भावनगरला बालमंदिर काढले होते. ताराबाईंच्याही घरात लहान मूल होते. म्हणजे या दोघांचेही बालशिक्षण घरातल्या मुलाच्या काळजीतून उगवले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाच्या ‘शिक्षणपत्रिके’ची मराठी आवृत्ती १९३३ पासून ताराबाईंनी चालविली. या मासिकाचा वाचक केवळ शिक्षक नव्हता. आईबाप हा त्याचा तितकाच महत्त्वाचा वाचक होता. मुलाला मारू नये, भीती घालू नये, बक्षिसाचे आमिष दाखवू नये, त्याच्या हातून काम हिरावून घेऊ नये, या आज सर्वमान्य वाटणाऱ्या गोष्टी त्या काळच्या मध्यमवर्गीय घराला नव्याने सांगाव्या लागत होत्या.

अक्षराआधी डोळा

या शिकवणुकीत चित्रपुस्तकाचे स्थान कोणते, हे समजून घेण्यासाठी आपल्या घरांतील जुन्या अंकलिपीकडे पाहावे. अंकलिपीतही चित्रे होती. गणपती होता, कमळ होते, बदक होते. परंतु ती चित्रे अक्षराची चाकरी करीत. ‘ग’ मुखोद्गत झाला की गणपतीचे काम संपे. चित्राकडे टक लावून पाहावे, त्यात काय घडते आहे हे सांगावे, पुढच्या पानावर काय होईल याचा अंदाज बांधावा, याला तेथे वाव नव्हता. माँटेसरी पद्धतीने हा क्रम बदलला. आधी इंद्रिये, मग वस्तूचे नाव, मग बोलणे आणि या सर्वांच्या मागून अक्षर. नाव सांगताना मूल चुकले तर त्याला चूक म्हणून हिणवायचे नाही. तो पाठ तेवढ्यावर थांबवून पुन्हा केव्हा तरी घ्यायचा, असाही त्या पद्धतीतला एक नियम आहे.

गिजुभाई आणि ताराबाई यांनी माँटेसरींचे सारेच जसेच्या तसे उचलले नाही. लहान मुलाला कल्पित कथांपेक्षा प्रत्यक्ष जगाची ओळख अधिक आवश्यक, असा माँटेसरींचा कल होता. भावनगरच्या बालमंदिरात मात्र गोष्ट, गाणे, नाट्य यांना मानाची जागा मिळाली. गिजुभाईंनी गोष्ट सांगण्याच्या शास्त्रावर ग्रंथ लिहिला, मुलांसाठी गुजरातीत अनेक छोट्या पुस्तिका लिहिल्या; शिक्षण आणि बालवाङ्मय यांविषयीच्या लेखन-संपादनात ताराबाई त्यांच्या सहकारी होत्या. ज्या समाजात आजी गोष्ट सांगते, त्या समाजातील मुलाची शाळा गोष्टीवाचून चालणार नाही, हे उभयतांनी ओळखले होते.

चित्र दाखवून गोष्ट सांगणे हे तर आपल्याकडे नवे नाहीच. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक पुढे मांडीत आणि गाऊन त्यांची कथा सांगत. युरोपात कोमेनियसने मुलांसाठी सचित्र पुस्तक काढले ते १६५८ मध्ये. दोहोंचा हेतू निराळा असला, तरी चित्र, ते पाहणारा आणि त्याविषयी बोलणारा हे तिघे दोन्हीकडे एकत्र येतात. यांतील बोलणारा नाहीसा झाला की उरते ती केवळ रंगीत वस्तू.

दादरहून कोसबाडला

१९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला. मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित पालकांनी त्यांचे म्हणणे उचलून धरले, आणि एखादी शिक्षणतज्ज्ञ स्त्री या यशावर समाधानाने राहिली असती. पण बालशिक्षण ही सुखवस्तू घरांची चैन ठरत आहे, हे ताराबाईंना दिसत होते. माँटेसरींची साधने परदेशी नमुन्याची आणि महागडी. ती खेड्यात कोण घेणार? गिजुभाई १९३९ मध्ये निवर्तले होते. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ मध्ये, ताराबाईंनी डहाणूच्या परिसरात बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे केंद्र काढले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई मूळच्या पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या. बालविधवा होऊन, शिकून, पुण्यात शिक्षिका झालेल्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले.

तेथे ताराबाईंच्या सिद्धांताची खरी कसोटी लागली. बालवाडी उघडली तरी मुले येत ना. धाकट्या भावंडांना सांभाळणे, गुरे राखणे ही कामे त्यांच्या शिरावर होती. यावर पालकांच्या अज्ञानाला दोष देऊन स्वस्थ बसता आले असते. ताराबाईंनी शाळाच उचलून मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी या शब्दाचा उगम हा आहे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. साधने म्हणून बिया, शिंपले, गारगोट्या, पाने, माती यांचा उपयोग होऊ लागला. इटलीतील लाकडी ठोकळ्यांनी जे साधायचे, ते परिसरातील फुकटच्या वस्तूंनी साधता येते, हे त्यांनी कृतीने दाखविले.

कोसबाडच्या परिसरातील वारली घरांत पुस्तक नव्हते. पण चित्र होते. लग्नाच्या वेळी स्त्रिया कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यात देवी असते, झाडे असतात, माणसे आणि जनावरे असतात. म्हणजे ज्याला आपण निरक्षर घर म्हणतो, त्या घरातील मूलही चित्राच्या सहवासात वाढत असते आणि त्या चित्राचा अर्थ सांगणारी वडीलधारी माणसे त्याच्या भोवती असतात. निरक्षर घराला मुलाच्या शिक्षणात वाटा नाही, हा शहरी समज येथे लटका पडतो.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या निवर्तल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ गटांत प्रायोगिक रीतीने सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. हळूहळू पोषण, लसीकरण, वजनाच्या नोंदी यांचा भार वाढला. हे सारे आवश्यकच होते. मुलाशी बोलणे, त्याला दाखविणे, त्याचे ऐकणे यांना मात्र उरलेल्या वेळात भागवून घ्यावे लागले.

वेळेचे अर्थशास्त्र

चित्रपुस्तक महाग असते, ही तक्रार खोटी नाही. रंगीत छपाईतील खर्चाचा मोठा भाग पहिली प्रत निघण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. प्रती थोड्या निघाल्या की तो थोड्यांवर पडतो आणि किंमत चढते. यावरचे उपायही आपल्या देशात झालेले आहेत. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टने नेहरू बाल पुस्तकालय या मालेत चित्रे तीच ठेवून अनेक भाषांत पुस्तके काढली. २००४ पासून प्रथम बुक्सने हाच मार्ग पुढे नेला. पुण्यात ज्योत्स्ना प्रकाशनाने माधुरी पुरंदरे यांची पुस्तके काढून मराठी घरातल्या मुलाला त्याच्या ओळखीचे घर, अंगण, नातलग चित्रांत दाखविले. तेव्हा पुस्तके मुळीच नाहीत असे म्हणता येणार नाही.

खरी टंचाई मोठ्या माणसाच्या वेळेची आहे, आणि त्याहून अधिक त्याच्या धीराची. दिवसभर कचेरीत काम करून आलेला बाप मुलाला जवळ घेतो, पान उघडतो आणि विचारू लागतो: हे काय, याचा रंग कोणता, हे किती? पाहुणे आले की तीच प्रश्नावली त्यांच्यासमोर पुन्हा वाचली जाते. मूल उत्तर देते, कौतुक होते. पण अशा परीक्षेनंतर त्या पुस्तकाची ओढ त्याला वाटेनाशी झाली तर नवल नाही. याउलट तेच पान दहाव्यांदा उघडण्याचा हट्ट मूल धरते, तेव्हा आपण कंटाळतो. वस्तुतः त्याचे शिकणे त्या दहाव्या वेळीच चाललेले असते. पुढे काय येणार हे ठाऊक असल्यामुळे ते आता सांगणाऱ्याची जागा घेऊ पाहत असते.

१९८८ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांचे सहकारी यांनी दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या घरी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही पालकांना असे सांगण्यात आले, की चित्रपुस्तक नुसते वाचून दाखवू नका. मुलाला मोकळे प्रश्न विचारा, ते जे म्हणेल त्यात थोडी भर घाला, बोलण्याचे काम हळूहळू त्याच्याकडे द्या. इतर पालकांनी आपल्या नेहमीच्या रीतीने वाचले. महिन्याभरातच पहिल्या मुलांच्या बोलण्यात ठळक प्रगती आढळली. मोठ्याने मागे सरावे आणि मुलाला पुढे येऊ द्यावे, हे सूत्र ताराबाईंच्या वाचकांना अपरिचित वाटले नसते.

येथेच चित्रपुस्तकाचा एक विलक्षण गुण लक्षात येतो. इतर कोणत्याही पुस्तकापुढे अक्षरशत्रू माता मुकी होते. चित्रपुस्तकापुढे होत नाही. चित्रातली म्हैस, विहीर, पाऊस, बाजार यांविषयी तिला पुष्कळ सांगता येते, तेही तिच्या स्वतःच्या बोलीत. मुलालाही वाचता येत नाही, तिलाही येत नाही. म्हणून त्या पानापुढे दोघे बरोबरीचे असतात. धुणीभांडी करून चार घरे सांभाळणाऱ्या बाईच्या खोलीत पाठ्यपुस्तक आणून दिले तर तिला आपल्या उणिवेची जाणीव होईल. चित्रपुस्तक आणून दिले तर ती शिक्षिका होईल.

मग हे पुस्तक तिच्या खोलीपर्यंत जावे कसे? अंगणवाड्या आणि बालवाड्या यांतून थोडीबहुत चित्रपुस्तके असतात. परंतु फाटतील, हरवतील या भयाने ती कपाटात राहतात. सरकारी दप्तरात पुस्तक सुरक्षित असणे हे यश मानले जाते. वस्तुतः मुलांच्या हातांनी झिजून फाटलेले पुस्तक हेच उपयोगात आलेले पुस्तक होय. दर शनिवारी प्रत्येक मुलाबरोबर एक चित्रपुस्तक घरी जावे, सोमवारी ते परत यावे, आणि वर्षाकाठी काही प्रती फाटणार हे अंदाजपत्रकातच गृहीत धरावे, एवढी व्यवस्था पुण्यासारख्या शहराच्या आवाक्याबाहेरची नाही. आर्थिक ऐपत असलेल्या सोसायट्यांना तर त्यासाठी सरकारकडे पाहण्याचेही कारण नाही. चार बिऱ्हाडांनी मिळून पंधरा-वीस पुस्तके फिरती ठेवली तरी पुरे.

बालशिक्षण दादरच्या शिशुविहारात अडकून राहू नये म्हणून ताराबाई उतारवयात घर सोडून वारली वस्तीत गेल्या आणि त्यांनी शाळा मुलाच्या अंगणापर्यंत नेली. अंगणातून घराचा उंबरठा फार दूर नसतो. तेवढे अंतर चित्रपुस्तकाने ओलांडावे आणि आत त्याला कोणीतरी मांडीवर घेऊन उघडावे, हे काम त्यांनी आपल्यासाठी शिल्लक ठेवले आहे.